मागे माती असेल तरच

आयर्लंडमधल्या स्लायगोच्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ डॉ. वृंदा सरनाईक माणसांना झोपवतात, आणि सुट्टीच्या दिवशी पॉरिक गिलमार्टिनच्या रानात सशांना. फरक एवढाच, की पहिले उठतात. हा विनोद खुद्द डॉक्टरांचाच. थिएटरात नवी नर्स आली की तिला तो ऐकवायचा आणि तिचा चेहरा बघत बसायचं, ही त्यांची जुनी खोड.

आपण मात्र त्यांना वृंदाच म्हणू. कोल्हापुरात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या मुरलीधर सरनाईकांची ही थोरली. कॉलेजात असताना एनसीसीत रायफल हातात आली आणि पोरगी तिथंच अडकली. मेडिकलची पुस्तकं एकीकडे, रेंजवरची चटई दुसरीकडे. राज्य पातळीवर दोन पदकं आणली. वडील एकदाही बघायला आले नाहीत. "दुकान बंद ठेवून ठोठो ऐकायला येऊ होय?" म्हणायचे. पण उजव्या डोळ्याचा नंबर वाढून लक्ष्य पुसट दिसायला लागलं, तेव्हा याच माणसानं चार रात्री बसून तिच्यासाठी एक काच घासली. आडवं पडून, मान तिरकी करून बघितलं तरी नजर काचेच्या बरोब्बर मधून जावी, अशी. "घाई करणाऱ्याची काच फुटती," एवढंच बोलले आणि चष्मा तिच्या हातात ठेवला. कौतुक करायची त्यांची हीच रीत होती.

तो चष्मा घेऊन ती आयर्लंडला आली. नवरा रणजित दूर लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात, आठवड्यातले चार दिवस तिकडेच. घर स्लायगोच्या बाहेर, परसाला गुडघ्याएवढी दगडी भिंत आणि भिंतीपलीकडे पॉरिकचं रान. पॉरिक चौऱ्याहत्तर वर्षांचा, एकटा, चाळीस मेंढ्यांचा धनी. त्याच्या ओटच्या पिकात ससे शिरायचे, कुरणात बिळं करायचे, आणि त्या बिळांत पाय जाऊन दरवर्षी एखादी मेंढी लंगडी व्हायची. म्हाताऱ्याची नजर आता कमी झाली होती. एकदा भिंतीवरून गप्पा मारताना त्यानं ही रड सांगितली, आणि वृंदा बोलून गेली, "मी मारते की!" पॉरिक इतका हसला, की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

या देशात साधी छर्ऱ्याची बंदूक घ्यायची तरी गार्डांचा, म्हणजे इथल्या पोलिसांचा परवाना लागतो. वृंदानं कोर्स केला, तिजोरी भिंतीत ठोकून घेतली, पॉरिककडून रानाचं संमतीपत्र आणलं. रणजितनं कपाळाला हात लावला. "लोकांच्या बायका लॉकरमध्ये पाटल्या ठेवतात, आमच्या बाईसाहेब रायफल! आपण काय चंबळात राहतो?" चार महिन्यांनी परवाना आला आणि पॉइंट टू-टूची साधी, लाकडी दस्त्याची रायफल घरात आली. वर दुर्बीण, पुढे सायलेन्सर, आणि आवाजापेक्षा हळू जाणाऱ्या गोळ्या. कुणी पुठ्ठ्यावर टिचकी मारावी एवढाच आवाज, त्यामुळे एक ससा पडला तरी शेजारचा चरत राहतो.

पहिल्या दिवशी पॉरिकनं तिला पन्नास यार्डांवर कागद लावून दिला. पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकतील अशा बसल्या. म्हातारा कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ग्रँड." आयरिश माणूस चहालाही ग्रँड म्हणतो आणि गुडघा मोडला तरी ग्रँडच म्हणतो, पण हे ग्रँड वेगळं होतं, हे वृंदाला कळलं. "पण कागद पळत नाही, डॉक्टर," तो पुढे म्हणाला. "आणि कागदामागे काय आहे ते मी बघून ठेवलं होतं. रानात ते तुलाच बघावं लागेल."

तिचं खरं शिक्षण इथून सुरू झालं. ही बारकी गोळी चुकली तर मैलभर जाते. दगडावर आपटली तर कुठे उडेल ते देवालाही सांगता येत नाही, आणि स्लायगोच्या रानात दगडी भिंतींना तोटा नाही. म्हणून मागे मातीचा बांध किंवा उताराची कड असेल तरच चाप दाबायचा. ससा टेकाडाच्या माथ्यावर उभा, मागे नुसतं आभाळ? सोडून द्यायचा. भिंतीलगत? सोडून द्यायचा. गवत हलतंय पण जनावर पुरतं दिसत नाही? तेही सोडायचं. पहिल्या महिन्यात वृंदानं अकरा ससे मारले आणि साठेक सोडले. पॉरिक गावातल्या पबमध्ये साठाचा आकडा सांगायचा, अकराचा नाही.

श्वासाचं मात्र तिला कुणी शिकवावं लागलं नाही. जन्म गेला दुसऱ्यांचे श्वास मोजण्यात. अर्धा श्वास सोडला, की छाती क्षणभर स्थिर होते. त्या क्षणात बोट आपोआप दाबलं जायचं. जनावर जागच्या जागी पडलं पाहिजे, पाय झाडत बिळात जाऊन तळमळता कामा नये, हा तिचा हट्ट होता. जिथे खात्री नाही तिथे गोळी नाही. मारलेला ससाही ती वाया घालवायची नाही. पॉरिक त्याचा स्ट्यू करायचा, वृंदा तांबडा रस्सा. एकदा तिनं त्याला रस्सा पाजला. म्हातारा लालबुंद झाला, डोळे पुसले, पाण्याचा तांब्या रिकामा केला, आणि थाळी पुढे करून म्हणाला, "अजून आहे?"

तीन वर्षांत आजूबाजूच्या सहा शेतकऱ्यांनी तिला आपापली रानं मोकळी करून दिली. बंदुकीच्या बाबतीत इथला शेतकरी सख्ख्या मेहुण्यावरही विश्वास टाकत नाही. या सहा संमतीपत्रांचा तिला पदकांपेक्षा जास्त अभिमान होता, आणि असलाच पाहिजे.

मग त्या नोव्हेंबरात मुरलीधर गेले. झोपेतच गेले. वृंदा तिसऱ्या दिवशी कोल्हापुरात पोचली. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. घाटावर कावळे ढिगानं. शेजारच्या पिंडावर तुटून पडत होते, सरनाईकांच्या पिंडाकडे ढुंकून बघत नव्हते. धाकट्या बाळूनं हात जोडून सांगितलं, दुकान नीट चालवीन. वृंदानं सांगितलं, आईला अंतर देणार नाही. चुलत्यांनी, मामांनी, ज्याला जे सुचलं ते कबूल केलं. दोन तास झाले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. उर्मिलाबाईंचं, म्हणजे वृंदाच्या आईचं, मन मात्र घाटावरच राहिलं. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच भुंगा. यांचं काय राहिलं? कशात अडकलेत?

फेब्रुवारीत वृंदानं त्यांना तीन महिन्यांसाठी स्लायगोला आणलं. पहिले आठ दिवस बाई खिडकीशी बसून पाऊस बघत होत्या, जेवायच्यासुद्धा नाहीत धड. नवव्या दिवशी त्यांनी वरणभाताचा घास परसातल्या भिंतीवर ठेवला. आत येऊन दार लावतात न लावतात तोच एक कावळा उतरला. इथले कावळे आपल्यासारखेच, फक्त पाठपोटही करडं. शेतकरी त्यांना ग्रे क्रो म्हणतात. या कावळ्याच्या डाव्या पंखात एक पांढरं पीस होतं. त्यानं घास उचलला, घराकडे मान तिरकी करून बघितलं आणि गेला.

"वृंदे! आला बघ की गं!" उर्मिलाबाई ओरडल्या. "तिकडं दोन तास वाट बघाय लावली आणि हितं लगेच आला! लेकीच्या घरी आला!" त्या रात्री बाई पोटभर जेवल्या.

मग रोजचा नेम झाला. सकाळी आंघोळ करून पहिला घास भिंतीवर. पांढऱ्या पिसाचा आधी यायचा, मागून त्याची जमात. आठ झाले, बारा झाले, वीस झाले. "मी जरा ह्यांना वाढून आलो," असं आई तिच्या कोल्हापुरी बोलीत म्हणायची.

आणि वृंदाला सगळं ठाऊक होतं! मेंढ्या विण्याचे दिवस मार्चवर आलेत, ग्रे क्रो मेंढ्यांच्या रानाजवळ एकदा चटावले की काय करतात, हे तिनं तीन वर्षं शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. दुसऱ्या कुणी भिंतीवर भात टाकला असता तर तिनं त्याची हजेरी घेतली असती. पण आई हसत होती. आज सांगू, उद्या सांगू, करत ती गप्प बसली. शहाण्या माणसानं जाणूनबुजून केलेला हा गाढवपणा होता आणि तिला तो तेव्हाही कळत होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पॉरिक दारात उभा राहिला. कोटाच्या आत एक कोकरू होतं, तासाभरापूर्वी जन्मलेलं. त्याचे दोन्ही डोळे नव्हते.

"हे तिसरं," तो म्हणाला. "मेंढी वीत असतानाच येतात. कोकराचं डोकं बाहेर आलं, की झालं. त्यांच्यात एक म्होरक्या आहे, पंखात पांढरं पीस असलेला. तो आला की बाकीचे येतात." मग जरा थांबून म्हणाला, "चाळीस वर्षं करतोय हे, डॉक्टर. आणखी अशीच दोन-चार गेली, तर मी कळप विकणार. मला आता हे बघवत नाही."

त्याची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवर शितं होती. वृंदानं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. वडील, घाट, न शिवलेला पिंड, आईचा घास. चिडला असता तर बरं वाटलं असतं तिला. पण पॉरिक कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"माझी आई दर नोव्हेंबरात एक रात्र मेलेल्यांसाठी चुलीत विस्तव ठेवायची," तो म्हणाला, "आणि दाराची कडी काढून ठेवायची. मी कशाला हसू? तुला जमणार नसेल तर गन क्लबातल्या कुणाला तरी सांगतो. तुझ्यावर राग नाही."

"नको," वृंदा म्हणाली. "रान माझ्याकडे दिलंयस. आणि चूक माझी आहे." म्हणाली खरं, पण दुसऱ्या कुणी तो कावळा मारला काय किंवा तिनं मारला काय, आईच्या लेखी बाबा पुन्हा एकदा जाणार होते, आणि या वेळी लेकीच्या अंगणातून.

उर्मिलाबाई मागे दारातच उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना फारसं कळत नव्हतं, पण कोकरू दिसत होतं. त्या पुढे आल्या, पदरानं त्याचं तोंड पुसलं. "ह्याला काय झालं गं?"

वृंदानं एका दमात सांगितलं. कोणत्या कावळ्यानं, तेही. लपवून ठेवायचं सगळं आधीच करून झालं होतं.

उर्मिलाबाई पायरीवर बसल्या. कोकरू मांडीवर घेतलं. मग त्या म्हणाल्या, आणि आवाज अगदी कोरडा होता, "चाळीस वर्षं त्या माणसानं लोकाला डोळे दिले. गरिबाकडनं काचेचा पैसा घेतला न्हाई. त्यो ह्या लेकराचे डोळे काढील होय?"

"नाही, आई."

"मग त्यो न्हवं ह्यो. मीच खुळी." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि खाली घेतला. "कधी मारणार हाईस? मी बी येतो. माझ्या हातचं खाल्लंय त्यानं. मला बघाय पायजे."

ग्रे क्रो मारणं म्हणजे ससा मारणं नव्हे. त्याला गाडी ओळखू येते, माणूस ओळखू येतो, काठी आणि बंदूक यांतला फरकही कळतो. झोपडीत कुणी शिरलेलं बघितलं, की ते बाहेर पडेपर्यंत तो फिरकत नाही. पण एक गोष्ट त्याला जमत नाही, ती म्हणजे मोजदाद. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पॉरिकच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिघं शिरली, आणि पाच मिनिटांनी एकटा पॉरिक मोठमोठ्यानं शीळ घालत बाहेर पडून घरी गेला. आत माय-लेकी राहिल्या. फळी काढलेल्या फटीतून समोर कुरण दिसत होतं. साठ यार्डांवर एक पडकी भिंत, आणि तिच्या अलीकडे ओढ्याचा मातीचा चढ.

वृंदा गवताच्या पेंढीवर आडवी झाली. वडिलांनी घासलेला चष्मा चढवला. दुर्बीण आल्यापासून त्याची तशी गरज नव्हती, पण त्याच्याशिवाय तिनं आजवर चाप दाबला नव्हता. मागे उर्मिलाबाई बादली उपडी घालून बसल्या, दुकानातली जुनी दुर्बीण डोळ्यांना लावून.

अर्ध्या तासानं तो आला. भिंतीच्या खचलेल्या भागावर बसला, मागे उरलेले उभे दगड. पांढरं पीस लख्ख दिसत होतं, छाती पुरती समोर, वारा पडलेला. असा नेम दहा वर्षांच्या पोरालाही चुकला नसता. वृंदानं गाल दस्त्याला लावला, श्वास अर्धा सोडला, आणि बोट चापावरून काढून घेतलं.

कावळा खाली बघत होता. एक मेंढी कळा देत पडली होती.

"मार की!" आई कुजबुजली. "काय थांबलीस? बाबा वाटाय लागलं व्हय तुला?"

"मागं दगड आहे, आई. गोळी कुठं जाईल सांगता येत नाही. पलीकडं रस्ता आहे."

"आणि त्यो उडून गेला तर?"

"तर उद्या येईन."

कावळा खरंच उडाला. उर्मिलाबाईंनी कपाळाला हात लावला. वृंदा हलली नाही. थंडीनं कोपर बधिर झालं, पत्र्यावरचं पाणी मानेवर ठिबकत राहिलं. चाळीस मिनिटं गेली. मेंढी उठली, फिरली, पुन्हा आडवी झाली. कोकराचं नाक दिसायला लागलं. आणि कावळा परत आला, पुन्हा भिंतीवर. पुन्हा तोच सोपा नेम. वृंदानं पुन्हा बोट लांब ठेवलं. आता आईनंही दुर्बीण त्याच्यामागच्या दगडांकडे वळवली.

मग तो खाली उतरला. उड्या मारत मारत चढाच्या पायथ्याशी आला, मेंढीपासून दहा हात अलीकडे आणि डावीकडे. मागे ओली, काळी, पुरुषभर उंचीची माती. वृंदाचा श्वास अर्ध्यावर थांबला. टिचकीएवढा आवाज झाला. कावळा होता तिथेच बसल्यासारखा खाली झाला, पंखसुद्धा उघडला नाही.

बाकीचे ओरडत उठले आणि डोंगराकडे गेले. मेंढी दहा मिनिटांत व्याली आणि कोकराला चाटायला लागली. त्याला दोन्ही डोळे होते.

शेतकरी मारलेला कावळा कुंपणाला टांगतात, बाकीच्यांना धाक बसावा म्हणून. पॉरिक दोरी घेऊनच आला होता. उर्मिलाबाईंना बघून त्यानं दोरी खिशात घातली, फावडं आणलं, स्वतः खड्डा खणला आणि माती लोटल्यावर टोपी काढून उभा राहिला. उर्मिलाबाईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

भिंतीवरचा घास त्या दिवसापासून बंद झाला. उरलेले दिवस बाई पॉरिककडे जाऊन त्या आंधळ्या कोकराला बाटलीनं दूध पाजायच्या. पॉरिकची आणखी कोकरं त्या हंगामात गेली नाहीत, आणि कळप विकायचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मेच्या सुरुवातीला आई परत गेली. विमानतळावर वृंदाला वाटलं, आता तरी काही बोलेल. पण ती सरनाईकांची बायको. "चष्मा जपून वापर," एवढंच म्हणाली.

पुढच्या नोव्हेंबरात वर्षश्राद्ध झालं. वृंदाला रजा मिळाली नाही. इकडे सकाळचे सात वाजले होते, ती डबा भरत होती, आणि फोन वाजला.

"झालं सगळं नीट?" तिनं विचारलं. जे विचारायचं होतं ते विचारायचा धीर होईना.

"व्हय. बाळूनं गच्चीत पान ठेवलं. पंधरा मिनिटं झाली तरी काय येईना. बाळू म्हणाला, दुकान मोठं केलं बाबा, नवीन मशीन घेतलं. तरी न्हाई. मग मी म्हटलं, थांबा, मी सांगतो."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, तुम्ही पोरीला बघाय कधी गेला न्हाईत. दुकानाचं नाव सांगत बसला, आणि मग मनाला लावून घेतलं. मला काय ठावं न्हाई व्हय? तर ऐका. मी बघून आलोय. पावसात पालथी पडून ऱ्हाती. समोर आयता आला तरी दोनदा सोडती, मागं दगड हाय म्हणून. म्हटलं, तुमच्यासारखीच हाय, घाई न्हाई. आणि तुम्ही घासलेली काच अजून तिच्या डोळ्यावर..."

वृंदानं डब्याचं झाकण हातात तसंच धरलं होतं.

"मग? आला?"

"वाक्य पुरं करू दिलं न्हाई गं त्यानं."